जेम्स क्रेग, एकास शंभर : प्रतिकृतीच्या नोंदी

१४ जानेवारी

टेबल रिकामं केलं, वर जाड काच टाकली आणि आराखडा पसरला. ‘जेम्स क्रेग’ हे शिडांचं जहाज : तीन डोलकाठ्यांचं बार्क, लोखंडी हल म्हणजे धड, बांधणी १८७४ ची, इंग्लंडमधल्या संडरलंडची. प्रमाण एकास शंभर. हे ठरवायलाच दोन आठवडे गेले. प्रतिकृती करणारे पुष्कळ जण एकास शहाण्णव घेतात, कारण फूट-इंचांच्या जुन्या आराखड्यांना ते सोयीचं पडतं. मला मात्र मीटरवरून सेंटिमीटरवर मनातल्या मनात उतरायचं होतं. हल ५४.८ मीटर, म्हणजे माझ्या टेबलावर ५४.८ सेंटिमीटर. रुंदी साडेनऊ मीटर, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर. मुख्य डोलकाठी साधारण ३३. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, पुढे झेपावणारा वासा, बोस्प्रिट, धरला की सगळं मिळून सत्तरच्या आसपास.

बार्क म्हणजे पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या वाशांना टांगलेली चौकोनी शिडं, आणि सर्वांत मागच्या तिसरीवर जहाजाच्या लांबीला धरून असलेली उभी शिडं. पूर्ण चौकोनी शिडांच्या जहाजापेक्षा माणसं कमी लागतात आणि वेग फारसा कमी होत नाही. म्हणूनच सुएझ कालवा सुरू होऊन पाच वर्षं झाली होती, आगबोटी वाढत होत्या, तरी असली जहाजं बांधली जात होती. लांबचा पल्ला, जड माल, कोळशाचा खर्च नाही.

मी हे जहाज पहिल्यांदा पाहिलं २०११ मध्ये. कामानिमित्त तीन वर्षं सिडनीत होतो. एका सुट्टीच्या दिवशी सागरी संग्रहालय पाहायला पिरमाँटला गेलो आणि संग्रहालय राहिलंच. शेजारच्या सात नंबरच्या धक्क्यावर हे उभं होतं. तिकीट काढून वर चढलो. डेकवर एक सत्तरीचे गृहस्थ उलट्या बादलीवर बसून एका तारेच्या दोरखंडाभोवती बारीक सुतळी गुंडाळत होते. हातात लाकडी मोगरी, तिच्या पोटाला खाच. मोगरी फिरली की सुतळी घट्ट बसत जायची. पण सुतळीचं गुंडाळं दर वेढ्याला दोरखंडाच्या पलीकडून फिरवून घ्यावं लागत होतं आणि ते काम त्यांना एकट्याला जड जात होतं. माझ्याकडे पाहून त्यांनी गुंडाळं पुढे केलं. ‘जरा धरता का?’

मी पाऊण तास धरून होतो. हाताला डांबराचा वास लागला तो दुसऱ्या दिवशीही गेला नाही. पुढच्या शनिवारी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं.

२६ जानेवारी

कणा आणि आडव्या चौकटी कापून झाल्या. चार मिलिमीटरचं प्लायवूड. एकवीस चौकटी, प्रत्येक काटकोनात आहे ना ते गुण्या लावून पाहिलं. सातवी पाव मिलिमीटर कलली होती, काढून पुन्हा चिकटवली. एकास शंभरात पाव मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजात अडीच सेंटिमीटर. जहाजाच्या बरगड्यांत एवढं वाकडेपण कोण खपवून घेईल?

१६ फेब्रुवारी

लाकडी अस्तर पूर्ण. आजपासून पत्रे.

लोखंडी जहाजाची गंमत पत्र्यांत असते. एक ओळ आत, एक बाहेर, कडा एकमेकींवर चढलेल्या, आणि त्या कडांवर रिव्हेटच्या रांगा. मी ॲल्युमिनियमची चिकटपट्टी वापरतोय. शिंपी कापडावर खुणा करायला दातेरी चाक वापरतात, तेच पट्टीच्या मागच्या बाजूनं फिरवलं की पुढे टिपक्यांची ओळ उठते. एक पत्रा सव्वातीन सेंटिमीटरचा. आज पहिली ओळ डाव्या बाजूनं लागली, चौदा पत्रे.

चाक फिरवताना कानांत दुसराच आवाज होता. माझे पहिले चार महिने जहाजाच्या पोटात गेले. हातोडी, खरवडणी, तारेचा ब्रश, तोंडाला मास्क, कानांत बोळे. गंज ठोकून काढायचा, खालचं धातू चमकायला लागलं की पुसायचं, त्याच दिवशी प्रायमर मारायचा, कारण समुद्रालगतची हवा रात्रभरात नवा तांबूस थर चढवते. एका शनिवारी उशीएवढी जागा साफ व्हायची. तिथून उठलो की वाटायचं, एवढंच? शेजारी काम करणारी बाई तिथं अकरा वर्षं येत होती. ती म्हणाली, ‘पुढच्या टोकापर्यंत पोहोचते ना, तोवर मागचं टोक पुन्हा सुरू झालेलं असतं.’ हे तिनं इतक्या समाधानानं सांगितलं की माझा प्रश्नच संपला.

पिछाडीकडच्या पत्र्यांपाशी आज थांबलो. कारण या जहाजाचं आयुष्य तिथून फाटलेलं आहे आणि तिथूनच जोडलं गेलंय. जन्माचं नाव ‘क्लॅन मॅक्लाउड’. मालवाहू म्हणून जगभर फिरलं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न तेवीस वेळा ओलांडलं. १९०० मध्ये ऑकलंडच्या जे. जे. क्रेग यांनी विकत घेतलं आणि १९०५ मध्ये आजचं नाव मिळालं. मग आगबोटींपुढे धंदा बसला. १९११ नंतर सगळा साज उतरवून न्यू गिनीत पोर्ट मोर्सबीला ते सुक्या खोबऱ्याचं तरंगतं कोठार झालं. पहिल्या महायुद्धानंतर जहाजांचा तुटवडा पडला तेव्हा पुन्हा शिडं चढली, पण थोडीच वर्षं. पुढे तस्मानियाच्या दक्षिण टोकाला रेशेर्श उपसागरात कोळशाचं कोठार. १९३२ मध्ये कोळी लोकांनी पिछाडीला सुरुंग लावून तीन मीटरचं भोक पाडलं आणि ते तिथंच उथळ पाण्यात बसलं.

चाळीस वर्षं बसून होतं. १९७२ मध्ये सिडनीहून स्वयंसेवक गेले, भोक बुजवलं, पाणी उपसलं आणि गंजलेला सांगाडा तरंगवला. आधी होबार्टला ओढत नेला, १९८१ मध्ये सिडनीला. हल पुन्हा पाण्यात उतरायला १९९७ उजाडलं, समुद्रात शिडं लावून जायला २००१. त्या लोकांनी सांगाडा तरंगवला तेव्हा त्यांच्यापाशी पैसा किती होता आणि वय किती होतं, याचा मी गंज काढताना पुष्कळदा विचार केलाय. त्यांतल्या काहींनी शिडं चढलेली पाहिली नसतील.

भोक दाखवायचं की नाही? बाहेरून नाही. जहाज आज जसं आहे तसंच करायचं. पण आतल्या बाजूला, जिथं कुणाला दिसणार नाही तिथं, पिछाडीच्या अस्तरावर तीन सेंटिमीटरची गोल खूण करून तारीख घातली : १९३२–१९७२. मग वरचं डेक बंद केलं.

२३ फेब्रुवारी

उजव्या बाजूच्या सहा पत्र्यांच्या कडा रात्रीतून उचलल्या. अस्तरावर लाकडाची भुकटी राहिली होती. सगळे काढले, स्पिरिटनं पुसलं, नवे कापले. दिवस गेला. रंगाचं काम पुढच्या आठवड्यात.

१६ मार्च

डेक. दीड मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीची एक कड मऊ पेन्सिलीनं काळी केली. खऱ्या डेकवर फळ्यांच्या फटींत सुताचा आणि तागाचा पिळा ठोकून वर डांबर ओततात. उन्हात ते डांबर किंचित फुगतं आणि अनवाणी चाललं तर टाचेला जाणवतं. पेन्सिलीच्या रेघेत ते येणार नाही, पण रेघ सरळ आली तरी पुरे.

सांधे एका ओळीत येऊ दिले नाहीत. तीन फळ्या सोडून चौथीला सांधा, जुन्या सुतारांच्या पद्धतीप्रमाणे. वेळ लागतो. डोळे दुखले. उद्या सुट्टी.

६ एप्रिल

डोलकाठ्या उभ्या राहिल्या. एक डोलकाठी म्हणजे एक खांब नव्हे, हे बघणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. खालचा भाग, त्यावर टॉपमास्ट, त्याच्याही वर टॉपगॅलंट आणि रॉयलची काठी. जिथं दोन भाग एकमेकांवर चढतात तिथं छोटा माच असतो, त्याला ‘टॉप’ म्हणतात. त्या माचापाशी आज चिमटा धरून अर्धा तास घालवला, कारण माझी पहिली चढाई तिथंच अडली होती.

धक्क्याला बांधलेल्या जहाजावरच ही शिकवणी होते. कंबरेला आणि खांद्यांना पट्टा, वाऱ्याकडच्या बाजूनं चढायचं, म्हणजे वारा तुम्हाला दोऱ्यांवर दाबून धरतो. हातानं उभी तारच धरायची, आडव्या पायऱ्या कधीच नाही. पायरी तुटली तर पाय सुटेल, हात सुटता कामा नये. हे सगळं मला पाठ होतं. माचापर्यंत गेलोही. पण माचाची कड डोक्याच्या बाहेर येते, तिच्यावर जायला काही पावलं पाठीवर कलून, आकाशाकडे पोट करून चढावं लागतं. त्या तारांना फटॉक म्हणतात. तिथं मी थांबलो. खाली पाहू नये म्हणतात, मी पाहिलं. डेक अरुंद होतं, दोन्ही बाजूंना पाणी होतं.

शिकवणारी मुलगी माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असेल. ती वर माचावर पालथी पडून हात खाली सोडून होती, पण तिनं मला ओढलं नाही. म्हणाली, ‘डावा हात सोडून पुढची तार धरा. फक्त डावा.’ तो धरला. ‘आता उजवा.’ तोही धरला. चार वाक्यांत मी वर होतो. माझ्या हयातीत मला कुणी इतक्या कमी शब्दांत इतकं शिकवलेलं नाही.

प्रतिकृतीतल्या माचाची कड पावणेदोन सेंटिमीटरची आहे. फटॉकच्या तारा आठ. आठही व्यवस्थित ताणल्या गेल्या.

२० एप्रिल

उभ्या तारा. हे काम मी मुद्दाम हळू करतोय.

डोलकाठी ज्या तारांवर उभी असते त्यांना ऊन, पाऊस आणि मीठ लागून चालत नाही. म्हणून आधी पिळाच्या खाचांत बारीक दोरी भरतात. मग डांबर लावलेली कापडाची पट्टी गुंडाळतात. ही दोन्ही कामं पिळाच्या दिशेनं. तिसरं काम उलट्या दिशेनं : वरून सुतळी घट्ट गुंडाळायची, वेढ्याला वेढा लागून. हे तिसरं म्हणजे ‘सर्व्हिंग’, पहिल्या भेटीत मी गुंडाळं धरून उभा होतो ते. दिशा उलटी का, तर तार ताणली जाऊन पीळ उकलू लागला की सुतळी आणखी आवळत जाते. नंतर पाइनच्या लाकडाचं डांबर, स्टॉकहोम टार. काळं नसतं ते, गडद मधासारखं असतं, आणि वास धुराचा, गोडसर. त्या वासानं मी अजूनही कुठंही वळून पाहीन.

एकास शंभरात पहिली दोन कामं दिसणार नाहीत, ती केली नाहीत. तिसरं केलं. दोन दांतेरी चाकं आणि एक दांडा जोडून छोटं यंत्र बनवलंय. मधला दोरा दोन्ही टोकांना एकाच वेगानं फिरतो आणि बारीक दोरा त्यावर चढतो. अकरा सेंटिमीटरला वीस मिनिटं. आज चार झाल्या. रंगासाठी तपकिरीत थोडा काळा मिसळला, तरी मधाची झाक येईना. तिसऱ्या वेळी पातळ शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, हात दिला तेव्हा आली.

११ मे

भाचीला सुट्टी लागली आहे, ती राहायला आली. दहावीचं वर्ष संपलंय. दोन दिवस नुसती पाहत होती. आज म्हणाली, ‘मामा, ह्या शिडीच्या गाठी मी मारू?’

शीड आणि शिडी. शिडापर्यंत जायला शिडी लागते, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला त्याचा फार आनंद झाला. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

आडव्या पायऱ्या, म्हणजे रॅटलाइन. प्रत्येक उभ्या तारेवर क्लोव्ह हिच, दोन वेढ्यांची गाठ. दोन पायऱ्यांत चार मिलिमीटर. तारांमागे रेघा मारलेला कागद लावून दिला, म्हणजे अंतर चुकत नाही. तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक आणि डोळे तीसेक वर्षांनी ताजे. मी सुरुवातीला एवढंच सांगितलं की गाठ आवळताना उभी तार आत ओढली जाता कामा नये, नाहीतर वरपर्यंत जाताना शिडीची कंबर बारीक होते.

संध्याकाळपर्यंत तिच्या एकशे बारा गाठी झाल्या. त्यांतल्या नऊ सोडवून पुन्हा मारल्या, त्याही तिनंच शोधल्या. ‘आपण रोज एवढ्या केल्या तर?’ मी हिशेब केला. पंधरा दिवस. ‘मग राहते की.’

१ जून

आडवे वासे, यार्ड, जागेवर आले. पुढच्या डोलकाठीवर पाच, मधल्यावर पाच. खालून वर : कोर्स, लोअर टॉपसेल, अपर टॉपसेल, टॉपगॅलंट, रॉयल. ह्या नावांना मला आपले शब्द सापडले नाहीत. डोलकाठी, शीड, सुकाणू, नांगर, कप्पी हे आपले शब्द मात्र मी तिथं मनातल्या मनात सारखे वापरत होतो.

आज लांब लिहिणार आहे. यार्डांच्या टोकांना बांधलेल्या दोऱ्या, म्हणजे ब्रेस, ओवायला घेतल्या आणि एप्रिल २०१२ मधला तो दिवस पूर्ण आठवला.

सकाळी धक्का सोडला तो इंजिनावर. आता तिच्यात दोन डिझेल इंजिनं आहेत. (तिला मी ‘ती’ म्हणू लागतो ते साधारण इथून.) पुढे हार्बर पूल. पुलाखाली ४९ मीटर मोकळे असतात आणि तिची डोलकाठी ३३, पण डेकवरून मान वर करून पाहिलं की शपथेवर सांगावं, टोक लागणार. सगळे गप्प होतात. सावली अंगावरून जाते आणि मग एकदम ऊन. त्या दिवशी माझ्या शेजारी गंज काढणारी ती बाई उभी होती. ती म्हणाली, ‘हा पूल १९३२ मध्ये उघडला.’ पुढे ती काही बोलली नाही. १९३२. ज्या वर्षी इथं लोक पुलावरून चालत गेले, त्याच वर्षी तिकडे हिच्या पिछाडीला भोक पडलं.

ऑपेरा हाउस, ब्रॅडलीज हेड, मग नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन सुळक्यांमधून बाहेर. बंदरातलं पाणी आणि टास्मान समुद्राचं पाणी यांत तिथं रेघ मारल्यासारखा फरक असतो. नाळ पहिल्यांदा उचलली जाते आणि पायांखालचं डेक श्वास घेतं.

हुकूम आला, टॉपसेल. वरून शिडाच्या बांधलेल्या पट्ट्या सोडलेल्याच होत्या. खालची कोपऱ्याची दोरी ओढायची, शीड गोळा करून धरणाऱ्या दोऱ्या सैल सोडायच्या. सहा जण एका दोरीवर. एकत्र ओढायची हाक, ‘टू-सिक्स, हीव.’ पहिल्या ओढीला काही हलत नाही, दुसरीला इंचभर, आणि मग कापडात वारा शिरतो. फडफड थांबते. हा क्षण मला नीट लिहायचा आहे. फडफड थांबल्यावर शांतता येत नाही. एक ताण येतो, जो तळहातात कळतो. दोरी जिवंत होते. माझ्या हातातली दोरी आणि वरचं ते शीड आणि पाठीमागचा वारा हे एकच झालेलं असतं.

मग इंजिन बंद केलं. मागे नुसतं पाण्याचं सळसळणं. एकवीस शिडांपैकी त्या दिवशी चौदा लागली होती. पूर्ण एकवीस म्हणजे अकराशे चौरस मीटर कापड.

चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर फार जाऊ शकत नाही. आजच्या शर्यतीच्या नौका वाऱ्याच्या ४५ अंशांपर्यंत जातात, हिला सहा पॉइंट, म्हणजे साडेसदुसष्ट अंश लागतात. म्हणून वाऱ्यातून तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला वळणं ही हिची खरी परीक्षा. त्या दुपारी कप्तानानं ठरवलं की वळायचं. मी मधल्या डोलकाठीच्या ब्रेसवर होतो.

सुकाणू फिरलं. नाळ वाऱ्याकडे वळू लागली. पुढची शिडं आधी थरथरली, मग वारा त्यांच्या छातीवर, म्हणजे उलट बाजूनं बसला. वेग मरत चालला. त्या घडीला कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल की चुकलं. पण उलटा भरलेला तो वाराच नाळेला पलीकडे ढकलत असतो. तोंड जवळजवळ वाऱ्यात आलं आणि मागून हाक आली, ‘मेनसेल, हॉल!’ म्हणजे मधले वासे फिरवा. आम्ही धावलो. धावलो म्हणजे खरोखर दोरी धरून डेकवर धावलो. मधल्या डोलकाठीचे पाचही वासे पुढच्या शिडांच्या आडोशात होते, त्यांच्यावर वारा नव्हता, म्हणून ते दारासारखे फिरले. काही क्षण पुढचे वासे एका दिशेला, मधले दुसऱ्या. मग नाळ पलीकडे गेली, पुढचे वासे फिरवले, शिडं भरली आणि ती नव्या बाजूला कलली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे दोऱ्या गुंडाळू लागले. माझे हात थरथरत होते आणि मला रडू येत होतं, ते मी वाऱ्याचं निमित्त करून पुसलं.

आज टेबलावर ब्रेस ओवताना पुन्हा पाहिलं. यार्डाच्या टोकापासून मागे, कप्पीतून खाली, पिनेपर्यंत. बावीस सेंटिमीटर दोरा. एका बाजूची ओढली की दुसरी तितकीच सैल पडायला हवी. भाचीनं दोन बोटांनी ओढून पाहिलं. पाचही वासे एकदम फिरले. ती म्हणाली, ‘अरे! हे खरंच चालतं.’

२९ जून

बेलेइंग पिना. काठाला असलेल्या भोकांच्या पट्टीत खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एका दोरीचं टोक, इंग्रजी आठाच्या आकारात आवळलेलं. शंभराहून जास्त दोऱ्या आणि एकीवरही नाव नाही. नाव लागत नाही, कारण क्रम ठरलेला असतो. खालच्या शिडांच्या दोऱ्या पुढे, वरच्यांच्या क्रमानं मागे. एका जहाजावर शिकलेला खलाशी दुसऱ्यावर रात्रीच्या अंधारात हात फिरवून बरोबर दोरी काढायचा.

मला ती पाठ व्हायला आठ महिने लागले. ट्रेनमध्ये कागदावर काढत बसायचो. आज आराखडा न पाहता पुढच्या डोलकाठीच्या सगळ्या ओवल्या आणि मग ताडून पाहिल्या. दोन चुकल्या, शीड गोळा करणाऱ्या बंटलाइन आणि लीचलाइनची अदलाबदल. दुरुस्त केल्या.

प्रत्येक पिनेवर गुंडाळी वेगळी करून टांगली. दोरा ओला गोंद लावून दोन टाचण्यांभोवती घड्याळाच्या दिशेनं. उजव्या पिळाची दोरी उलटी गुंडाळली तर गाठी पडतात, आणि ऐन वेळी ती कप्पीत अडकते.

२० जुलै

शिडं लावलेली दाखवायची की बांधलेली? भाचीचं मत, लावलेली. बऱ्याच प्रतिकृतीही तशाच असतात. मी बांधलेली करणार. फुगलेलं कापड एकास शंभरात पुठ्ठ्यासारखं दिसतं. आणि मला जहाजाचा तो संध्याकाळचा चेहरा हवाय, धक्क्याला लागल्यानंतरचा.

एप्रिलच्या त्या दिवशी परतताना आम्ही आठ जण टॉपसेलच्या यार्डवर होतो. पायाखाली फक्त एक लोंबती दोरी. तिच्यावर नवा माणूस पाय ठेवतो तेव्हा ती सगळ्यांच्या पायाखाली हलते, म्हणून तो आधी ओरडतो, ‘स्टेपिंग ऑन!’ आणि बाकीचे सावध होतात. मग पोटावर वाशाला कवटाळून दोन्ही हातांनी कापड खेचायचं, घडी पोटाखाली दाबायची, पुन्हा खेचायचं. नखं दुखतात. शेवटी एकदम, आठही जणांनी, ती जाड गुंडाळी वाशावर चढवायची आणि पट्ट्यांनी बांधायची. खाली बंदरातले दिवे लागत होते.

एक तपशील, जो पुष्कळ प्रतिकृतींत चुकतो : अपर टॉपसेल, टॉपगॅलंट आणि रॉयलचे वासे शीड लावताना वर ओढले जातात. शीड बांधलेलं असेल तर ते खाली उतरलेले हवेत. माझे मी आधीच खाली घेतले होते.

कापडासाठी पातळ टिश्यू कागद, पातळ गोंदात भिजवून. खरी लांबी घेतली तर गुंडाळी जाड दिसते, म्हणून उंची तिसऱ्या हिश्श्याला कापली.

१७ ऑगस्ट

एकच काम उरलं होतं. मागच्या डोलकाठीची एक तार सर्व्हिंगच्या यंत्रात बसेना, टोकाला डोळा, म्हणजे तारेचा फासा, असल्यानं. हातानंच गुंडाळावी लागणार होती. दाढीच्या पात्याएवढी मोगरी कोरली, खाच पाडली. दोरा बारीक, तार ताणलेली, आणि दर वेढ्याला रीळ तारेच्या पलीकडून फिरवून घ्यायला तिसरा हात नाही.

भाची आज निघायची होती. बॅग दारात होती. मी रीळ तिच्यापुढे केलं.

‘जरा धरतेस का?’

तिनं घड्याळ पाहिलं नाही. खुर्ची ओढून बसली. मी मोगरी फिरवली, तिनं रीळ तारेखालून पलीकडे दिलं, वरून परत घेतलं. साडेतीन सेंटिमीटर, पंचवीस मिनिटं. मध्येच तिनं बोटं नाकाशी नेली आणि म्हणाली, ‘मामा, ह्याला वास नाही येत. तू म्हणाला होतास तसा.’

पुढच्या वेळी येईल तेव्हा खरं स्टॉकहोम टार आणून ठेवतो. एक डबी.